सोन्याचा मुकुट बाईचा, पण बाई कोण? (कोरियातली संग्रहालयं)

रानजाई

नमस्कार मंडळी,

नवऱ्याच्या नोकरीपायी आम्ही सध्या सोलच्या दक्षिणेला, सुवॉनमध्ये राहतो. इथला हिवाळा असा की घराबाहेर पडायचं तर डोक्यावर छप्पर आणि हीटर हवाच. म्हणून संग्रहालयं बघायला लागले आणि चटकच लागली. राष्ट्रीय संग्रहालयांच्या कायमच्या दालनांना तिकीट नाही, हेही एक कारण आहे. खोटं कशाला बोलू!

२०२५ च्या नोव्हेंबरात ग्योंगजूच्या संग्रहालयात सिल्ला राजवटीचे (कोरियातलं प्राचीन राज्य, राजधानी ग्योंगजू) सहाही सोन्याचे मुकुट पहिल्यांदा एकत्र मांडले. पहिला सापडला १९२१ साली, म्हणजे सगळे एका छपराखाली यायला १०४ वर्षं लागली. प्रवेश फुकट, पण ठरावीक वेळेचा पास घ्यायचा आणि त्यासाठी सकाळपासून रांग. आमच्या पुढे एक आजीबाई घडीचं स्टूल टाकून, थर्मासमधलं काहीतरी पीत निवांत बसल्या होत्या.

फोटोत हे मुकुट भरभक्कम दिसतात. जवळून बघितलं की कळतं, पत्रा अगदी पातळ आहे. बहुतेकांची घडण सारखी: कपाळपट्टीवर समोर झाडाच्या फांद्यांसारखे तीन खांब, मागे हरणाच्या शिंगांसारखे दोन, त्यांवर बारीक तारेने टांगलेल्या सोन्याच्या चकत्या आणि स्वल्पविरामाच्या आकाराचे हिरवे जेड.

सहांपैकी एकापाशी मी अडकले. तो ह्वांगनाम देचोंग नावाच्या थडग्यातला. दोन मातीच्या टेकड्या एकमेकींना चिकटून, मिळून १२० मीटर लांब. १९७३ ते १९७५ मध्ये उत्खनन झालं. दक्षिणेच्या टेकडीत पुरुष, उत्तरेच्या टेकडीत बाई. पुरुषाबरोबर तलवार, ढीगभर शस्त्रं, आणि मुकुट कसले? तांब्यावर सोन्याचा मुलामा दिलेले आणि एक चांदीचा. बाईच्या वाट्याला शुद्ध सोन्याचा मुकुट, सोन्याचा कमरपट्टा, बांगड्या, माळा. आणि ती बाई होती हे सांगणारा सगळ्यात मोठा पुरावा म्हणजे तिच्याच थडग्यातल्या एका चांदीच्या पट्ट्याच्या टोकावर कोरलेली तीन चिनी अक्षरं: 'बाईसाहेबांचा पट्टा'.

बस, एवढंच. बाईसाहेब कोण, ते नाही.

तेव्हापासून प्रत्येक काचेपुढे माझा हाच प्रश्न असतो. गोंगजूच्या संग्रहालयात बेक्जे (सिल्लाचं शेजारी राज्य) राजवटीच्या मुर्योंग राजाच्या राणीच्या चांदीच्या बांगड्या आहेत. बाहेरून वेटोळे घातलेले ड्रॅगन, खवला न् खवला मोजून घ्यावा असे. आतल्या बाजूला ओळ कोरली आहे, तिचा मतलब असा: अमुक वर्षी (म्हणजे ५२०) दुसऱ्या महिन्यात दारी नावाच्या कारागिराने थोरल्या बाईसाहेबांसाठी केल्या, वजन २३० जू (तेव्हाचं वजनाचं माप). कारागिराचं नाव कळलं. राणीचं नाही!

तुम्ही कुठे कोरियन दालनं बघितली असतील, तिथे बायकांच्या वस्तू बघितल्या असतील, तर लिहा. जाणकारांनी प्रकाश टाकावा.

चहाबाज

मी पयला! फोटो कुठायत? फोटोशिवाय धागा म्हणजे साखरेशिवाय चहा.

बाकी लेख मस्त. एक बाळबोध शंका: सोन्याचा मुकुट बाईकडे म्हणजे राज्य तीच करत होती का?

रानजाई

त्या दालनातले माझे फोटो म्हणजे पुढच्या माणसांची डोकी आहेत. ती टाकू का? :)

शिळाप्रेमी

चहाबाज, नाही. हे थडगं साधारण पाचव्या शतकाच्या आसपासचं. सिल्लात गादीवर बसलेली पहिली राणी सॉनदॉक, ती ६३२ मध्ये आली. त्यामुळे उत्तर टेकडीतली बाई राजाची बायको असावी, असंच बहुतेक अभ्यासक धरतात. पण मग नवऱ्यापेक्षा तिचा मुकुट भारी का, याचं गळ्याखाली उतरेल असं उत्तर मी अजून वाचलेलं नाही. मुकुट म्हणजे राजा, हे समीकरणच बहुधा आपण बाहेरून लादतोय. सहा मुकुटांपैकी एक इतका लहान आहे की तो पोराचा असावा असं मानतात.

मुकुट रोज घालायचा होता की फक्त मृतासाठी, हाही वाद आहे. चॉनमाचोंग थडग्यात मुकुट डोक्यावर नव्हता, कपाळपट्टी पार हनुवटीपर्यंत खाली होती. म्हणजे चेहरा झाकण्यासाठी वरून सरकवला असावा, असं एक मत. पातळ पत्र्यावर जड जेड टांगलेला मुकुट घालून चालून दाखवा म्हणावं.

थडगं बाईचं की पुरुषाचं हे ठरवायला तिथले पुरातत्त्ववाले कानातल्यांकडेही बघतात. जाड पोकळ कडीचं कानातलं आणि कमरेला तलवार नाही, तर बाई. बारीक कडी आणि तलवार, तर पुरुष. हाडं मातीत विरघळून गेलेली असतात, त्यामुळे दागिन्यांवरच भिस्त. या नियमाने सॉबोंगचोंग हे थडगंही बाईचं धरतात. त्याचं उत्खनन १९२६ मध्ये जपानी राजवटीत झालं आणि स्वीडनचे युवराज गुस्ताफ आडोल्फ पाहुणे म्हणून त्यात सामील झाले होते.

तिथे सापडलेल्या मुकुटाची पुढची कथा संतापजनक आहे. १९३५ मध्ये प्योंगयांगच्या संग्रहालयात तो प्रदर्शनासाठी नेला. प्रदर्शन संपल्यावरच्या मेजवानीत तिथल्या जपानी संचालकाने तो एका कलावंतिणीच्या डोक्यावर चढवून फोटो काढले. फोटो बाहेर आला तेव्हा बराच गदारोळ झाला.

सदाफुली

बापरे. आणि त्या कलावंतिणीला कोणी विचारलं असेल का?

शिळाप्रेमी

वर्तमानपत्रांचा राग राष्ट्राच्या ठेव्याच्या अपमानावर होता. तिच्याबद्दल कोणाला काही वाटलं असेल, तर ते छापलं गेलेलं माझ्या वाचनात नाही.

खवचट आजोबा

सॉनदॉक राणीबद्दल आणखी लिहा की राव. नुसतं ६३२ सांगून पळू नका.

शिळाप्रेमी

आजोबा, हुकूम. सॉनदॉकला गादी मिळाली कारण राजवंशातल्या सर्वांत वरच्या कुळीत पुरुषच उरला नव्हता. तिच्या काळातला बुनह्वांगसा मंदिराचा दगडी मनोरा (६३४) आणि चॉमसॉंगदे ही वेधशाळा आजही ग्योंगजूत उभी आहेत. ह्वांगन्योंगसा मंदिराचा नऊ मजली लाकडी मनोराही तिचाच, तो पुढे तेराव्या शतकात मंगोलांनी जाळला. ६४७ मध्ये बिदाम नावाच्या सरदाराने बंड केलं. कारण काय दिलं? 'बाई राज्यकर्ती असेल तर कारभार नीट चालत नाही.' बंड मोडलं, पण त्याच धामधुमीत राणीही गेली. तिच्यामागून पुन्हा एक राणीच आली, जिंदॉक. नंतर १२ व्या शतकात किम बुसिक या इतिहासकाराने लिहून ठेवलं की बाईला गादीवर बसवूनही देश बुडाला नाही हे नशीबच. साडेचार-पाचशे वर्षांनीही याचा घसा बसला नव्हता.

रानजाई

बुनह्वांगसाचा विषय निघालाच आहे तर माझी सगळ्यात आवडती वस्तू सांगते. १९१५ मध्ये त्या मनोऱ्याची दुरुस्ती करताना आत अस्थी-अवशेषांची पेटी सापडली. पेटीबरोबर जेड-मणी वगैरे अपेक्षित गोष्टी होत्याच, शिवाय होती एक कात्री, सुया आणि सुया ठेवायची नळी. देवाला वाहिलेली कात्री! कोणा राजघराण्यातल्या बाईने आपल्या हातातल्या वस्तू तिथे ठेवल्या असाव्यात असं मानतात. खुद्द राणीच्याच, असंही म्हणतात, पण ते म्हणणारे म्हणोत. मला तर ती कात्री मुकुटापेक्षा जास्त बोलकी वाटते.

उसवलेली शिवण

सुई-कात्री निघाली म्हणजे आता माझा प्रांत. इतके दिवस वाचनमात्र होते.

सोलला गेलात तर आंगुकमधलं हस्तकला संग्रहालय चुकवू नका. एका जुन्या मुलींच्या शाळेच्या आवारात २०२१ मध्ये उघडलं. तिथला भरतकाम आणि बोजागीचा संग्रह हो दोंग-ह्वा या गृहस्थांनी आयुष्यभर जमवलेला. बोजागी म्हणजे वस्तू बांधायचं, झाकायचं चौकोनी फडकं. दागिने, लग्नातला अहेर, जेवणाचं ताट, पांघरुणं, सगळं त्यात बांधायचं. लोक जुनी भांडी नि चित्रं जमवत होते तेव्हा हा माणूस बायकांची फडकी गोळा करत होता, आणि लोक हसत होते. २०१८ मध्ये साधारण पाच हजार वस्तू त्यांनी शहराला देऊन टाकल्या. त्याच वर्षी ते गेले. बायको दंतवैद्य होती, आणि या छंदात तिची कमाईही ओतली गेली, हे विसरायला नको.

त्यातला जोगाकबो हा प्रकार तुकडे जोडून केलेला. कपडे बेतून उरलेल्या चिंध्या, बोटाएवढ्यासुद्धा, जोडून जोडून अख्खं फडकं. आपल्या लोकांना लगेच गोधडी आठवते. मलाही आठवली, पण जवळून बघितलं तर मामला वेगळा. गोधडीत थरावर थर आणि धावदोरा, ऊब हा मुद्दा. उन्हाळी जोगाकबो मोसी नावाच्या ताठ, झिरझिरीत कापडाचा, एकेरी, अस्तर नाही. त्यामुळे जोड दोन्ही बाजूंनी दिसणार. म्हणून कडा आत दुमडून अशी बारीक शिवण घालतात की उलट-सुलट कळत नाही. उजेडासमोर धरलं की शिवणीच्या गडद रेघा दिसतात, तीच नक्षी. मी घरी जुन्या ऑर्गंडीवर करून बघितलं. मान धरली, डोळे गेले, आणि रुमालाएवढंही झालं नाही.

आता माझी तक्रार. परदेशातल्या प्रदर्शनांत जोगाकबोखाली हमखास लिहिलेलं असतं, 'मॉन्ड्रियनची आठवण होते' (रंगीत चौकोनांची चित्रं काढणारा डच चित्रकार). अहो, मॉन्ड्रियन जन्मला १८७२ साली! करणाऱ्या बाईचं नाव शोधता येत नाही, मान्य. म्हणून शेजारी डच माणसाचं नाव चिकटवायचं?

टिकलू

+१ शेवटच्या परिच्छेदाला.

मी आर्मी आहे (बीटीएस या कोरियन बँडच्या चाहत्यांची, सैन्याची नाही, घाबरू नका) म्हणून लिहितेय. आमच्या बँडमधल्या आरएमने २०२१ मध्ये परदेशातल्या कोरियन वारशाच्या जतनासाठी १० कोटी वॉन दिले होते. त्यातून लॉस एंजेलिसच्या कला संग्रहालयातला एक ह्वारोत कोरियात आणून दुरुस्त केला. ह्वारोत म्हणजे नवरीचा लाल रेशमी झगा, त्यावर कमळं, शेवंतीसारखी मोठी फुलं, पक्षी, सगळं हाताने भरलेलं. २०२३ मध्ये सोलच्या राजवाडा संग्रहालयात फक्त ह्वारोतांचं प्रदर्शन झालं, तिथे तो ठेवला आणि मग परत गेला. आमच्या ग्रुपमधल्या निम्म्या मुली त्यामुळे पहिल्यांदा संग्रहालयाची वेबसाइट उघडून बसल्या होत्या.

उसवलेली शिवण

टिकलू, छान माहिती. ती फुलं शेवंती नव्हेत, पेओनी, समृद्धीची खूण. त्या प्रदर्शनातली एक गंमत सांगते. ह्वारोत ताठ राहावा म्हणून रेशीम आणि अस्तर यांच्यामध्ये कागद घालतात. एका झग्यातला कागद तपासला तर तो सरकारी परीक्षेत नापास झालेल्यांच्या उत्तरपत्रिकांचा निघाला! चांगला कागद महाग, वाया कशाला घालवायचा. कोणा बिचाऱ्याची फुकट गेलेली वर्षं नवरीच्या पाठीवर.

हा मुळात राजघराण्याचा वेष, पण लग्नाच्या दिवशी साध्या घरातल्या मुलीलाही घालायची मुभा होती. प्रत्येकीला परवडणार कुठून? गावात एकच असायचा, आळीपाळीने वापरायचा, विरला की ठिगळ लावायचं. त्यामुळे उरलेल्या झग्यांपैकी नक्की कोणी घातला हे माहीत असलेला जवळजवळ एकच, बोगोन राजकन्येचा, १८३० चा.

बे एरियातली माई

इकडे सॅन फ्रान्सिस्कोच्या एशियन आर्ट म्युझियममध्ये २०१७-१८ च्या हिवाळ्यात कोरियन कपड्यांचं प्रदर्शन होतं. जुन्या नमुन्यांवरून नव्याने शिवलेले जोसॉन राजवटीच्या (१३९२ ते १९१०) काळातले कपडे. राजाचा झगा होता, पण मैत्रिणी आणि मी रेंगाळलो बायकांच्या आतल्या कपड्यांपाशी. एकावर एक परकर आणि विजारी, बाहेरचा घागरा फुगून दिसावा म्हणून. लेकीने विचारलं, "आई, यांना बाथरूमला कसं जाता येत असेल?" त्याचं उत्तर फलकावर नव्हतं.

लंडनला गेलात तर ब्रिटिश म्युझियममधला पांढरा 'चंद्रघट' बघा. बर्नार्ड लीच या कुंभाराने तो १९३५ मध्ये सोलमध्ये विकत घेतला आणि युद्धाच्या काळात लूसी री या कुंभारणीकडे ठेवायला दिला. तो पुढे तिच्याच स्टुडिओत राहिला, ती असेपर्यंत. करणारे हात अठराव्या शतकातले, अनामिक. सांभाळणारे मात्र माहीत आहेत.

निळू_पंढरपूर

एवढी चर्चा झाली आणि कोणीच मुख्य गोष्ट बोलत नाही याचं नवल वाटतं. कोरियाची पहिली मोठी राणी आपल्या अयोध्येची होती. इ. स. ४८ मध्ये समुद्रमार्गे गेली, किम सुरो राजाशी लग्न केलं. अयोध्येत तिचं स्मारकही आहे. हे संग्रहालयात दाखवतात का?

शिळाप्रेमी

निळूभाऊ, येणार येणार म्हणत होतो, आलाच विषय.

दाखवतात, आणि दाखवलं म्हणून टीकाही झाली. हो ह्वांग-ओक राणीची कथा 'सामगुक युसा' या तेराव्या शतकातल्या ग्रंथात आहे. म्हणजे घटना म्हणतात त्यानंतर जवळपास बाराशे वर्षांनी लिहिलेली. त्यात देशाचं नाव 'आयुता' असं येतं, त्यावरून अयोध्या. त्या काळात त्या नगराला साकेत म्हणत, हा एक आक्षेप. गिम्हेला तिने जहाजातून आणलेला म्हणून एक दगडी मनोरा दाखवतात, पासा मनोरा. २०१९ च्या डिसेंबरात सोलच्या राष्ट्रीय संग्रहालयाने गाया राज्यांवर (किम सुरोचं राज्य त्यांतलंच) मोठं प्रदर्शन भरवलं आणि त्यात हे दगड मांडले. दंतकथेला इतिहासाच्या रांगेत का बसवलं, म्हणून तिथल्याच अभ्यासकांनी संग्रहालयाला धारेवर धरलं. अयोध्येतलं स्मारक २००१ चं. त्यावरून आजची मैत्री कळते, पहिल्या शतकाबद्दल काही सिद्ध होत नाही.

निळू_पंढरपूर

आपलं काही चांगलं निघालं की लगेच पुरावे मागायचे. गिम्हेचे लाखो किम आणि हो आडनावाचे लोक तिला मूळ आई मानतात, ते सगळे वेडे का?

शिळाप्रेमी

वेडे कोण म्हणालं? ते मानतात हे खरंच आहे, आणि म्हणून पिढ्यान्‌पिढ्या गिम्हेचे किम आणि हो आपसांत लग्नं करत नाहीत, हेही खरं. श्रद्धेच्या इतिहासाचं दालन केलं तर तिला तिथे मानाचं पान. पहिल्या शतकाच्या दालनात मात्र मी ते दगड ठेवणार नाही.

रानजाई

भांडू नका रे. मला त्या कथेत आवडतं ते वेगळंच आहे. राणीला दहा मुलगे झाले, आणि तिने राजाला सांगितलं की माझं नाव इथेच संपायला नको. म्हणून दोन मुलांना तिचं आडनाव मिळालं, हो. दंतकथा म्हणा हवं तर. पण सिल्लाच्या सोन्याच्या ढिगातून जे झालं नाही ते या कथेतल्या बाईने आठ शब्दांत करून घेतलं.

खवचट आजोबा

आठ शब्द मोजलेत वाटतं. :) प्रेमकथा वगैरे नाही का एखादी? नुसती थडगी.

शिळाप्रेमी

आहे, पण एका सोन्याच्या पत्र्याने तिचं वाटोळं केलं. बेक्जेचा मू राजा लहानपणी रताळ्यासारखे कंद विकायचा. सिल्लाच्या सॉनह्वा राजकन्येवर त्याचा जीव जडला. पोरांना कंद वाटून त्याने तिच्या नावाचं एक चावट गाणं गावभर गाऊन घेतलं. बदनाम झाली म्हणून बापाने तिला घालवून दिलं, आणि हा वाटेत उभाच. पुढे ती राणी झाली, तिच्या हट्टाखातर इक्सानला मिरुकसा हे भव्य मंदिर बांधलं. शतकानुशतकं कोरियातलं प्रत्येक पोर ही गोष्ट ऐकत वाढलं.

२००९ च्या जानेवारीत तिथला दगडी मनोरा उतरवताना आत अवशेषांची पेटी आणि सोन्याचा पत्रा सापडला. वर्ष ६३९. पत्र्यावर स्वच्छ लिहिलंय: हे पुण्यकर्म बेक्जेच्या राणीचं, जी साथेक जॉकदॉक या मंत्र्याची मुलगी. साथेक हे बेक्जेतलंच बडं घराणं. सिल्लाच्या राजकन्येचा पत्ताच नाही! काही जण म्हणतात राजाला एकाहून जास्त राण्या असतील. असतीलही.

सदाफुली

आणि इथेही 'अमक्याची मुलगी'. नाव नाहीच.

मी सोलमध्ये भाषा शिकायला आहे. २०२४ च्या वसंतात योंगिनच्या होआम संग्रहालयात बौद्ध कला आणि बायका या विषयावर प्रदर्शन होतं, कोरिया-चीन-जपान मिळून ९२ वस्तू. नाव 'चिखलात न मळणाऱ्या कमळासारखं' अशा अर्थाचं. मूर्ती घडवणारे भिक्खू आणि कारागीर पुरुष, पण पैसा, रेशीम, केस, श्रद्धा कोणाची, हा त्याचा रोख होता.

तिथे निळ्या कागदावर सोन्याच्या शाईने लिहिलेली १३४५ ची सद्धर्मपुंडरीक या बौद्ध ग्रंथाची प्रत होती, किम घराण्यातल्या एका उच्च पदवीच्या बाईने करवलेली. शेवटी तिची प्रार्थना आहे. मागच्या जन्मीच्या कर्मामुळे बाईचा देह मिळाला याचं तिला दुःख आहे. एवढं सोनं ओतून ती काय मागते, तर यातून सुटका. मी दुभाषा ॲप बंद करून परत वाचलं, चुकलं असेल म्हणून. नव्हतं चुकलं.

मुंजॉंग राणीने करवलेलं एक बुद्धचित्रही होतं. जोसॉन दरबार बौद्ध धर्माला दाबत होता तेव्हा या बाईने १५६५ मध्ये ४०० बुद्धचित्रं करवली, निम्मी नुसत्या सोन्याने रेखाटलेली, निम्मी रंगीत. त्याच वर्षी ती वारली. आज ४०० पैकी सहाच माहीत आहेत.

रानजाईताई, तुमच्या प्रश्नाचं एक उत्तर मूर्तींच्या पोटात आहे. कोरियात बुद्धमूर्तीच्या आत कापड, धान्य, मंत्र आणि देणगीदारांच्या याद्या भरून ठेवतात. जांगगोकसा मंदिरातल्या १३४६ च्या मूर्तीतून दहा मीटरहून लांब प्रार्थनापत्र निघालं, त्यावर हजाराहून जास्त नावं. बायकांचीही.

रानजाई

सदाफुली, काय लिहिलंस गं! त्या यादीबद्दल स्वतंत्र धागा काढ. वाट बघते.

सदाफुली

परीक्षा झाल्या की काढते. तोवर एकच गोष्ट.

आंदोंगच्या विद्यापीठाच्या संग्रहालयात एक पत्र आहे. १९९८ मध्ये घरबांधणीसाठी कबरी हलवताना यी उंग-थे या माणसाच्या शवपेटीत सापडलं. १५८६ मध्ये तिशीत वारला. पत्र बायकोचं, छातीवर ठेवलेलं, आणि सुरुवात 'वॉनच्या बाबांना' अशी. दोघांचे केस पांढरे होईपर्यंत जगू आणि बरोबरच मरू असं म्हणायचात, मग मला टाकून कसे गेलात, असं ती विचारते. पोटात बाळ आहे, ते जन्मल्यावर बाबा कोणाला म्हणणार? स्वप्नात येऊन सांगा, हळूच या. कागद संपला तर ती समासात लिहिते, समास संपला तर कागद उलटा फिरवून सुरुवातीच्या ओळींजवळच्या रिकाम्या जागेत लिहिते. शेजारी चपला ठेवल्यात, तागाच्या धाग्यात केस विणून केलेल्या. तो आजारी असताना बरा व्हावा म्हणून तिने केल्या असाव्यात.

नवऱ्याचं नाव, भावाचं नाव, बापाचं नाव, सगळं वंशावळीत आहे. तिचं नाही.

चहाबाज

चहा थंड झाला राव. काय बोलणार.

उसवलेली शिवण

अशीच एक सुईवाली. एकोणिसाव्या शतकातली यू आडनावाची विधवा, शिवणावर पोट. सासरचे काका वकिलातीबरोबर बीजिंगला गेले होते, त्यांनी येताना सुयांच्या पुड्या आणल्या. हिने त्या नात्यागोत्यात वाटल्या, एक स्वतःला ठेवली. ती सुई २७ वर्षं टिकली. अंगरख्याची कॉलर लावताना मोडली, आणि हिने तिच्यावर श्राद्धाच्या वेळी वाचतात तसा विलाप लिहिला. कोरियातल्या शाळकरी मुलांना तो माहीत असतो. रोज सुई हातात धरणाऱ्यालाच कळेल की यात विनोद काहीच नाही.

खवचट आजोबा

वाचनखूण साठवली. शिळाप्रेमी, शेवटची शंका. त्या उत्तर टेकडीतल्या बाईंचं नाव निघण्याची काही शक्यता?

शिळाप्रेमी

आजोबा, ते सगळं दक्षिण टेकडीवर अवलंबून. तिथला पुरुष नैमुल राजा (मृत्यू ४०२) असं एक मत, नुलजी राजा (मृत्यू ४५८) असं दुसरं. मातीची भांडी, घोड्यांचं सामान, काचेची भांडी यांच्या काळावरून मारामारी चालू आहे. नैमुल ठरला तर बाई बोबान, मिचू राजाची मुलगी. नुलजी ठरला तर त्याच्या आधीच्या सिलसॉंग राजाची मुलगी.

काचेवरून आठवलं. दक्षिण टेकडीतली पक्ष्याच्या चोचीसारख्या तोंडाची काचेची सुरई बघा, रोमन जगाकडून आलेली. तिची मूठ त्या काळीच मोडली होती आणि सोन्याची तार गुंडाळून सांधली आहे. काच सोन्यापेक्षा दुर्मिळ होती, त्याचा याहून चांगला पुरावा नाही.

टिकलू

म्हणजे तिचं नाव कळायला आधी नवरा कोण ते ठरायला हवं. वा रे न्याय.

बे एरियातली माई

रानजाई, आम्ही एप्रिलमध्ये येतोय. सोलमध्ये चार दिवस, बाकी तीन मोकळे. सासूबाई बरोबर आहेत, गुडघे दुखतात. काय बघू, काय सोडू?

रानजाई

माई, सोलचं राष्ट्रीय संग्रहालय इचॉन स्टेशनला लागून आहे, लिफ्ट सगळीकडे, बसायला बाक भरपूर. बुधवारी आणि शनिवारी रात्री नऊपर्यंत उघडं असतं, तेव्हा गर्दी कमी. तुमचा तो उत्तर टेकडीचा मुकुट एरवी इथेच, सिल्लाच्या दालनात असतो. हस्तकला संग्रहालय सोमवारी बंद. ग्योंगजूला केटीएक्स या वेगवान गाडीने दोन तासांच्या आसपास, पण स्टेशन गावाबाहेर आहे, तिथून बस किंवा टॅक्सी. टेकड्यांचा बाग सपाट आहे, सासूबाईंना चालेल. एप्रिलच्या सुरुवातीला आलात तर चेरीचा बहर आणि तेवढीच माणसं, हॉटेल आत्ताच धरा. गोंगजूच्या बांगड्यांसाठी वेगळा दिवस काढावा लागेल, सोलहून बस मिळते. मुर्योंग राजाचं थडगं आतून बघता येत नाही, शेजारी प्रतिकृती केली आहे. १९७१ मध्ये ते सापडलं तेव्हा बघ्यांच्या आणि पत्रकारांच्या रेट्यामुळे एका रात्रीत उपसलं होतं, तिथल्या उत्खनकांना जन्मभर पस्तावा झाला.

व्यनि (व्यक्तिगत निरोप) करते. आणि येताना गोडा मसाला आणा, अर्धा किलो तरी.